उजवा डोळा: कोरडा

३ फेब्रुवारी

आज घरात एक पाहुणा आला. रंग पांढरा, वजन मांजराएवढं, डोळा एकच. दवाखान्यातली एक मुलगी त्याला गाडीतून घेऊन आली आणि ताईच्या शिवणाच्या टेबलावर बसवून गेली. त्याच्यासाठी ताईनं दोऱ्यांची पेटी स्वतः बाजूला सरकवली. मी त्या टेबलावर नुसता कप टेकवला तरी घर डोक्यावर घेणारी ही बाई, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पाहुण्याचं काम असं. ताईनं रोज सकाळी त्याच्या भोकाला एकेक डोळा लावायचा आणि आतल्या हिरव्या चांदणीकडे मिनिटभर बघायचं. तो डोळ्याच्या पडद्याचा आडवा छेद टिपतो, दवाखान्यात पाठवतो. तिथली कृत्रिम बुद्धिमत्ता पडद्याखाली पाणी साठलंय का ते मोजते. नसेल तर हिरवी खूण, असेल तर लाल. लाल आली की डोळ्यात सुई.

हे प्रकरण दीड वर्षाचं. म्हातारपणी काहींच्या पडद्याचा मधला ठिपका झिजतो, खालून नको त्या नसा फुटतात आणि पाझरत राहतात. ताईच्या उजव्या डोळ्याला हे झालं, तेव्हापासून दर महिन्याला सुई घेऊन तो राखलाय. राखणं भागच आहे, कारण डावा जन्माचा आळशी. लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही आणि सत्तर वर्षं त्यानं बसून खाल्लं. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्याचा पडदा कोरा करकरीत आहे. मेंदूनंच त्याला कधी कामाला लावलं नाही. त्या डोळ्याला समोर माणूस आहे की कपाट, एवढंच कळतं. लोकांच्या कोटांना ताईनं पन्नास वर्षं रफू केलं, त्यावर मला शिकवलं, तेही चांगलं अंगभर संस्कृत. ते सगळं एकट्या उजव्यानं.

"आजी, अजिबात घाबरायचं नाही," यंत्रवाली मुलगी म्हणाली.

"घाबरतंय कोण? आणि आजी कुणाची गं मी? हा माझा भाऊ. त्यालाही पोरबाळ नाही."

डाव्याची प्रतिमा पहिल्या फटक्यात आली. उजव्याची येईना. "प्रतिमा अपुरी, पुन्हा प्रयत्न करा," असं पाहुणा गोड बायकी आवाजात पाचदा म्हणाला. ताईला चांदणी सापडत नव्हती. यंत्रवाली म्हणाली, आज दमल्यात, उद्या ताज्या डोळ्यानं करा. जी पहिली नीट येईल ती यंत्र मूळ प्रत म्हणून ठेवेल, पुढच्या सगळ्या तिच्याशी ताडून बघेल.

उजव्याची ही खटपट चालू होती तेव्हा मी आतल्या खोलीत संपादकांशी फोनवर होतो. दोन देशांच्या वाटाघाटी तिसऱ्या देशात भरताहेत, तिथं चार महिने बसायला आमच्या दैनिकाला वार्ताहर हवाय. अशी नेमणूक मी दोनदा सोडलेली. निवृत्तीला दोन वर्षं उरली, चौथी वेळ येणार नाही. मी म्हटलं, "ताईच्या डोळ्यानं परवानगी दिली तर निघतो."

दार उघडं होतं.

४ फेब्रुवारी

जमलं! मी चहा टाकत होतो, तोवर बाहेरून दोनदा ऐकू आलं, "प्रतिमा मिळाली." फोनवर अहवालही आला. उजवा डोळा: कोरडा. डावा डोळा: कोरडा. दोन हिरव्या खुणा.

मी म्हणे शीळ घातली. "अरे शहाण्या, शीळ येते तुला अजून?" ताईनं विचारलं. शहाण्या हे माझं नाव नाही, पण घरात दुसरं कुणी वापरत नाही.

पाहुण्याचं नाव पंडित ठेवलं. रोज निवाडा देतो आणि कारण सांगत नाही. माळ्यावरून बॅग काढली. नुसती पुसून ठेवली.

१९ फेब्रुवारी

सोळा दिवस, बत्तीस हिरव्या. अहवालात दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा शेजारी शेजारी असतात. राखी रंगाचे थर, डोंगर मधोमध कापल्यासारखे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण दोन्हीत डाव्या अंगाला एक इवलासा उंचवटा आहे, तो मात्र मी शोधून काढला.

"ताई, तुझे डोळे जुळे आहेत. तीळसुद्धा एकाच जागी."

"तू आपल्या बातम्या बघ," ती म्हणाली.

संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे, ते अशाच जोड्यांसाठी काढलं असावं. एकानं जन्मभर राबायचं, दुसऱ्यानं लोळायचं, आणि फोटोत दोघं सारखे तुकतुकीत. बऱ्याच कुटुंबांत हेच असतं.

५ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. या महिन्याची सुई नको. "आतापर्यंत मी अंदाजानं दर महिन्याला देत होते. आता रोजची प्रतिमा हातात आहे, आणि महिनाभर एक थेंब पाणी नाही. इतकं छान क्वचित बघायला मिळतं." मात्र एप्रिलमध्ये प्रत्यक्ष दाखवायला यायचंच, हे त्यांनी दोनदा बजावलं.

ताईला सांगितलं. मला वाटलं खूश होईल. सुईवर जगलेली बाई, पण डोळ्यातली सुई म्हटली की आदल्या दिवसापासून जेवण उडतं तिचं. ती नुसतं "हं" म्हणाली आणि विचारलं, "म्हणजे तू जाणार ना?"

"जाऊ का?"

"तिकीट काढ. माझ्या डोळ्याकडे काय बघत बसतोस?"

संपादकांना पंडितावर लेख हवाय. आजच लिहून टाकला. ज्ञानाची साधनं तीन असं आम्हाला शिकवलं होतं: प्रत्यक्ष पाहणं, अनुमान, आणि भरवशाच्या माणसाचा शब्द. मी लिहिलं की यंत्रात तिन्ही एकवटली आहेत. शेवटचं वाक्य: "हा साक्षीदार कुणाची भीड धरत नाही." वाक्य मला आवडलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई म्हणाली, "छान लिहितोस, पण लांबण लावतोस."

११ मार्च

लाँड्रीवाल्यानं रस्त्यात गाठलं. ताईला गेली वीस वर्षं तोच काम देतो. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, ताईंना बोलू नका, पण एक गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं. रफूची जागा दिसते म्हणालं."

"त्याला म्हणावं, आधी चष्मा बदल."

"मीही बघितली साहेब. दिसते."

घरी येऊन मी माझा प्रवासाचा कोट उजेडात धरला. कोपराला ताईनं परवाच काम केलंय. दिसलं. धागा एक घर सोडून गेलाय, पुढं दोन घरं सोडून. ताईची रफूची जागा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. हात थरथरत असणार. सत्तरी आहे. परत आलो की काम कमी करायला सांगतो; आत्ता बोललो तर जायच्या आधी भांडण.

१६ मार्च

उद्या पहाटेची गाडी, म्हणून ताईनं आजच सगळा निरोप उरकून घेतला. कॉलर नीट केली, गालावरून हात फिरवला, जरा जास्तच वेळ, दाढी राहिली का बघतात तसा. बोलताना सारखी माझ्या कानाकडे बघत होती. डोळ्यात पाणी आलेलं दाखवायचं नसणार. आमच्या घराण्याची रीत ही. मीही तिच्या खांद्यापलीकडच्या खिडकीशी बोलत होतो.

"रोज पंडिताला डोळा दाखवायचा. मला फोनवर कळतं."

"दाखवीन की. तू तिकडे सगळं नीट बघ, आणि येऊन मला सांग. तुझे लेख नकोत. सांग."

२ एप्रिल

वाटाघाटींची बातमी अशी की बातमी नाही. आम्ही तीसेक वार्ताहर एका लांब बोळात खुर्च्या टाकून बसलोय. टोकाला एक बंद दार. दार उघडतं, आतून किटली घेतलेला माणूस येतो, तीसही माना वर होतात, दार बंद होतं. काल मी त्या किटलीवर चारशे शब्द पाठवले. छापले त्यांनी.

सकाळी उठल्यावर पहिला अहवाल. उजवा डोळा: कोरडा. मग दात घासतो. ताईचं फोनवरचं बोलणं म्हणजे तार: "जेवलास? बरं. काम कर." पत्र तिनं जन्मात लिहिलं नाही. मी शिकायला परगावी होतो तेव्हासुद्धा पार्सलमध्ये नुसते दुरुस्त केलेले कपडे यायचे, सोबत चिठ्ठी नाही. आता रोज दोन ओळी येतात. मला पुरतात.

१४ एप्रिल

"दवाखान्यात गेली होतीस?"

"आले जाऊन."

"काय म्हणाल्या?"

"पंडित म्हणतो तेच. तुझ्याकडे थंडी आहे का रे?"

प्रत्यक्ष झालं, अनुमान होतंच, आणि शब्द तर ताईचा. तिन्ही साधनं जुळली. झोपायला मोकळा.

१२ मे

वाटाघाटी मोडल्या. दार उघडलं आणि या वेळी किटलीवाल्याऐवजी सगळेच बाहेर आले. खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावायला माणसं आली, तेव्हा आमच्या लक्षात आलं की आपण मोकळे. चार महिन्यांचं काम दोन महिन्यांत आटोपलं. शेवटचे मजकूर पाठवून निघायला आठवडा जाईल.

२१ मे

घरी. दार ताईनंच उघडलं. मी गंमत म्हणून बोललोच नाही. ती चौकटीकडे बघत म्हणाली, "कोण पाहिजे?"

"वार्ताहर आहे बाई. किटलीची बातमी आणलीय."

"मेल्या!" आणि मग धरून ठेवलं मला, बराच वेळ.

वाळलीय. दोऱ्यांची पेटी उघडली तर सगळे रंग एकमेकांत. पूर्वी त्यात शाळेसारख्या रांगा असायच्या. माझ्यासाठी पाणी ओतलं ते पेल्याशेजारी. मी म्हटलं, "असू दे, मी पुसतो." घरातले दिवे फार मंद झालेत, उद्या नवे आणायला हवेत. पंडित मात्र चकचकीत पुसलेला. आजचा अहवालही रोजच्यासारखा हिरवा. एकशे सात दिवस झाले, एक खाडा नाही.

२२ मे

सकाळी लवकर जाग आली. चहा घेऊन बाहेर आलो तर ताई यंत्रापुढं बसलेली, पाठ माझ्याकडे. यंत्र म्हणालं, "उजवा डोळा लावा." तिनं मान वळवली आणि डावा लावला.

मला वाटलं चुकली. म्हणून म्हटलं, "ताई, उजवा म्हणतोय तो."

"ठाऊक आहे."

"मग डावा काय लावतेस?"

ती हलली नाही. डोळा भोकालाच. म्हणाली, "तो कोरडा असतो."

"प्रतिमा मिळाली," यंत्र म्हणालं.

पुढचं नीट लिहून ठेवायला हवं, नाहीतर मी त्यात सुधारणा करीन. मी ओरडलो. कप माझ्या हातून पडला की मी आपटला, खात्री नाही. ती शांत बसून होती, मांडीवर हात ठेवून, कपाटाकडे तोंड करून.

"त्या दिवशी उजव्यानं चांदणी दिसेचना. मधोमध डाग. म्हटलं, सवय होईस्तोवर डाव्यानं बघू. हिरवं आलं. तू शीळ घातलीस."

"दुसऱ्या दिवशी सांगायचं होतंस."

"दुसऱ्या दिवशी तू बॅग पुसलेली होतीस."

"आणि एप्रिलमध्ये? दवाखाना?"

"फोन करून सांगितलं, भाऊ आला की त्याच्याबरोबर येते."

"ताई, एकच डोळा होता तुला!"

"म्हणूनच म्हटलं, इतकी वर्षं टिकलाय, चार महिने टिकेल. चुकलं माझं. पण दोनदा माझ्यापायी राहिलास. तिसऱ्यांदा राहिला असतास तर जन्मभर मला गोड बोलला असतास. ते नको होतं मला."

२३ मे

दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी उजव्याची प्रतिमा काढली. डोंगर नाहीतच; मधोमध एक पांढरा ढीग. म्हणाल्या, पाणी साठलं, रक्त साठलं, आता त्याचा वण झालाय. वणावर सुई चालत नाही. मार्चमध्ये आलो असतो तर? हे मी विचारलं. त्यांनी ताईकडे बघितलं आणि प्रतिमा बंद केली. ते उत्तर मी घरी आणलं.

"पण तुमच्या बुद्धिमत्तेला कळू नये?" मी म्हटलं. भांडायला कुणीतरी हवं होतं.

"ती खोटं बोलली नाही. तिला दाखवलेला डोळा रोज कोरडाच होता. पाणी आहे का, एवढंच आपण तिला विचारलं होतं. हा डोळा तोच का, हे विचारलं नाही. घरचं यंत्र वेगळं, आमचं वेगळं, दोन्हीच्या प्रतिमा ताडल्या जात नव्हत्या. आणि एप्रिलमध्ये आजींचा फोन आला तेव्हा मी अहवाल उघडला, हिरवं बघितलं आणि बरं म्हटलं. ती चूक यंत्राची नाही. माझी आहे."

ताई म्हणाली, "बाई, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. मी शिकवलेला हा एवढा मोठा, त्यालाही नाही कळलं."

मला लागावं म्हणून नव्हती म्हणाली. डॉक्टरीणबाईंना बरं वाटावं म्हणून म्हणाली.

२५ मे

संस्कृत, पस्तीस वर्षांची वार्ताहरकी, दोन ठिकाणहून खातरजमा केल्याशिवाय ओळ न पाठवण्याची ख्याती. आणि एकच उंचवटा दोन्ही डोळ्यांत त्याच जागी बघून मी विनोद केला. कोटाचं कोपर बघितलं, तिला माझ्या कानाकडे बघताना बघितलं, आलो त्या दिवशी तर पाणी टेबलावर बघितलं. प्रत्येक वेळी माझ्याकडे काहीतरी मजेशीर बोलायला होतं.

मला खरंच कळलं नव्हतं का? हा प्रश्न लिहून ठेवतो. उत्तरासाठी जागा सोडलीय.

२९ मे

यंत्रवाली पंडिताला न्यायला आली. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. तीही झोपली नसावी. म्हणाली, आता पहिल्याच दिवशी घरची प्रतिमा दवाखान्यातल्याशी ताडायची सोय करताहेत, जुळली नाही तर यंत्र पुढं जाणारच नाही. मग एक कागद पुढं केला. ताईच्या उजव्या डोळ्याच्या नावावरच्या सगळ्या प्रतिमा पुसायच्या आहेत. चुकीचं शिकून बुद्धिमत्ता उद्या दुसऱ्या कुणाच्या डोळ्याबाबत फसेल. ताईनं अंगठ्यानं जागा चाचपून सही केली, साक्षीदार म्हणून मी.

ज्या बाईनं जन्मात पत्र लिहिलं नाही तिनं मला रोज लिहिलं होतं: मी बरी आहे, तू थांब तिकडे. सगळी पत्रं खोटी, आणि सगळी तिच्याच हातची. मुलीनं फोनवर बोट फिरवलं. पत्रं गेली.

संपादकांना सांगितलं की त्या लेखाची दुरुस्ती छापायची, पहिल्या पानावर. "कारण काय देणार?" त्यांनी विचारलं. ताईनं आधीच बजावलं होतं, "चूक छाप. माझं कारण छापू नकोस. लोकांना वाटेल तुझ्यावर उपकार केले."

४ जून

दुपारी ताई खुर्चीत, मी समोर. ती खिडकीकडे बघत होती. मी म्हटलं, "रागावलीस का? माझ्याकडे बघत का नाहीस?"

"बघतेच आहे. सरळ बघितलं की नाहीसा होतोस. खिडकीकडे बघितलं की कडेला तुझा सदरा दिसतो थोडा." मग म्हणाली, "आता सांग."

"काय?"

"तिकडे काय काय बघितलंस ते. आल्यापासून एक शब्द नाही. मी वाट बघतेय."

मी बोळ सांगितला, किटली सांगितली. ती हसली. मग पुढं विचारत गेली. राहायची खोली कशी होती? पलंग कुठं? खिडकीला पडदा होता? रंग कुठला?

मला आठवेना. दोन महिने त्या खोलीत उठलो आणि फोनकडे बघितलं. पडदा होता एवढंही छातीठोक सांगता येईना. उभ्या आयुष्यात न पाहिलेली गोष्ट मी कुणाला पाहिली म्हणून सांगितलेली नाही.

"निळा," मी म्हटलं.

"कसला निळा? निळे वीस असतात. नव्या कापडाचा की विटलेला?"

"विटलेला. कडांना जास्त."

"बघ," ती खिडकीला म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. "म्हणजे ऊन येत असणार खोलीत."

ती खोली मागच्या बाजूला होती. समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत.

"हो," मी म्हटलं. "सकाळी यायचं. अगदी पलंगापर्यंत."

"मग पुढं?" ताई म्हणाली.